दारू सोडणं आणि ती सुटलेली राहणं

समजा, एक माणूस आहे. आठ महिने झाले, त्याने दारूला हात लावलेला नाही. हातांची थरथर थांबली, चेहऱ्यावरची सूज उतरली, घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. आणि काल रात्री, कामासाठी परगावी गेलेला असताना, हॉटेलच्या खोलीत एकट्याने बसून त्याने अर्धी बाटली संपवली. घरी कळल्यावर पहिला प्रश्न ठरलेला आहे: "काल असं झालं तरी काय?"

काल विशेष काहीच झालं नव्हतं. जे व्हायचं ते तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं होतं आणि त्या सगळ्या काळात तो पूर्ण शुद्धीत होता. हे कसं घडतं ते कळलं, तर सोडू पाहणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं आणि घरच्यांच्या डोक्यावरचं ओझंही थोडं उतरतं. या माणसाकडे आपण परत येऊच. आधी शरीरात काय चालतं ते पाहू.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. व्यसन 'लागतं'. तहान लागते, वेड लागतं, तसंच. ते कुणी 'करत' नाही. पण मागे फिरायची वेळ आली की क्रियापद एकदम बदलतं: 'सोड'. जणू मुठीत धरलेला खडा आहे, बोटं उघडली की पडेल. लागताना आपसूक आणि सोडताना मात्र निव्वळ मनाच्या जोरावर, असा हा हिशेब. सोडणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास या हिशेबानेच होतो, असं माझं मत आहे. कारण खडा पडला नाही की एकच निष्कर्ष उरतो: मूठ कमकुवत आहे.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर

मेंदूचं काम दोन प्रकारच्या रसायनांच्या तोलावर चालतं. गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. मज्जापेशींना शांत करतं. ग्लुटामेट हे ॲक्सिलरेटर. दारू एकाच वेळी ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते. म्हणून दोन पेगनंतर खांदे सैल पडतात, भीड चेपते, डोळे जड होतात.

रोज असं होऊ लागलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. बाहेरून रोज ब्रेक लागतोय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून ठेवतो. आता तेवढ्याच दारूत काही वाटत नाही. "मला चढतच नाही" असं काही जण छाती पुढे काढून सांगतात. त्याचा अर्थ एवढाच, की मेंदूने दारू गृहीत धरून आपली घडी बसवली आहे. यकृतावर, हृदयावर आणि पोटावर व्हायचा तो परिणाम होतच असतो.

आणि मग एका सकाळी दारू बंद. बाहेरचा ब्रेक गेला, आतला ढिला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 12 तासांत हे सुरू होतं. सकाळी उठल्या उठल्या 'उतारा' घेणाऱ्याला बरं का वाटतं, तेही इथेच कळतं. कालच्या दारूने निर्माण केलेला त्रास आजच्या दारूने दाबला जातो. उतारा लागायला लागला, की शरीर दारूवर अवलंबून आहे यात शंका ठेवायचं कारण नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. बऱ्याच काळापासून रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात, घरच्या घरी, कुणाला न विचारता दारू बंद करणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतं: दिवस कुठला, जागा कुठली हे कळेनासं होतं, नसलेले किडे-माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब बेफाम वाढतो. घरच्यांना वाटतं वेड लागलं किंवा बाहेरचं काही झालं. ही तातडीने दवाखान्यात नेण्याची अवस्था आहे; उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. हेरॉईन सोडतानाचे हाल भयंकर असतात, पण त्या हालांनी जीव जाणं विरळा. दारूचं तसं नाही. कायद्याने मिळते म्हणून ती सौम्य ठरत नाही.

पूर्वी सोडताना फिट आली असेल, भास झाले असतील, वय जास्त असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, झोपेच्या गोळ्यांची सवय असेल, तर आधी डॉक्टर आणि मग सोडण्याची तारीख, असाच क्रम ठेवायचा. रुग्णालयात किंवा देखरेखीखाली ढिल्या पडलेल्या ब्रेकला काही दिवस औषधाचा टेकू देतात आणि तो हळूहळू काढून घेतात. डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, अशी ही औषधं. कुणाच्या तरी सांगण्यावरून ती घरी घ्यायची नाहीत. दारूबरोबर ती पोटात गेली तर श्वास मंदावतो. शिवाय या औषधांचीच सवय लागते. म्हणून ती मोजक्या दिवसांपुरतीच असतात.

डॉक्टर आणखी एक गोष्ट देतात आणि ती दिसायला अगदी किरकोळ असते: थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. सतत पिणाऱ्याचं खाणं अपुरं होतं आणि खाल्लेलं नीट शोषलं जात नाही, त्यामुळे शरीरातलं थायमिन संपत येतं. त्यातून गोंधळलेपण, डोळ्यांच्या विचित्र हालचाली आणि चालताना झोक जाणं ही लक्षणं दिसतात. कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. झोक जाणारा माणूस 'प्यायलाय' असं समजून झोपवला जातो आणि वेळ निघून जाते. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. माणूस दहा मिनिटांपूर्वीचं विसरतो आणि मधल्या जागा कल्पनेने भरतो. खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो.

या भागातला शेवटचा मुद्दा, कारण तो पुढे लागणार आहे. 'सोडली, धरली, सोडली' या चक्राची किंमत मोजावी लागते. दर वेळी दारू बंद केल्यावरच्या त्रासाने मेंदू जास्त चिडका होत जातो, असं निरीक्षण बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी 1978 मध्ये मांडलं. पहिल्या वेळी नुसती थरथर झाली म्हणून चौथ्या वेळीही तेवढंच होईल, असं धरून चालू नये.

आठवड्यात शरीर सुटतं, मग?

मध्यम बांध्याच्या माणसाचं यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे कितीही प्यायली असली तरी एक-दोन दिवसांत दारू रक्तातून निघून जाते. थरथर आणि घाम आठवड्याभरात बहुधा ओसरतो. यकृतावर चढलेली चरबी काही आठवड्यांत कमी होऊ लागते. घरचे म्हणतात, "सुटली एकदाची!" आणि इथेच सगळे गाफील होतात.

कारण झोप अजून रुळावर आलेली नसते. कित्येकांना ती महिनोन्‌महिने तुटक लागते. मन उगाच खिन्न असतं, लहानसहान गोष्टींनी डोकं तापतं आणि ज्यात पूर्वी मजा यायची त्यात काही वाटत नाही. आनंदाची यंत्रणा वर्षानुवर्षं दारूच्या मोठ्या आवाजाला सरावलेली असते, तिला साध्या गोष्टींचा हलका आवाज ऐकूच येत नाही. हे हळूहळू बदलतं, पण 'हळूहळू' म्हणजे महिने. हे आधी सांगितलेलं नसेल तर दीड महिन्यांनी माणूस स्वतःशीच म्हणतो, "सोडून तरी काय मिळालं? प्यायचो तेव्हा निदान झोप तरी यायची."

त्याहून चिवट गोष्ट म्हणजे आठवण. डोक्यातली नव्हे, शरीरातली. पावलोव्हच्या कुत्र्याला घंटा वाजताच लाळ सुटायची, तसंच पिणाऱ्याचं संध्याकाळी सातचं घड्याळ असतं. ठरावीक रस्ता, ठरावीक मित्राचा फोन, पगाराचा दिवस, ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज. यातलं काहीही समोर आलं की मेंदू दारूची तयारी करू लागतो, मालकाला न विचारता. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी 1993 मध्ये एक फरक दाखवून दिला: 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात आवडणं वाढलं नाही तरी हवंसं वाटणं वाढत जातं. "मला आता त्यात काडीची मजा येत नाही, तरी पितो," असं सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण तो अक्षरशः खरं सांगत असतो.

या आठवणी पुसल्या जात नाहीत. पाटीवरचं जुनं अक्षर तसंच राहतं आणि त्यावर दुसरं अक्षर गिरवलं जातं. त्यातही मेंदूची खोड अशी, की हे नवं अक्षर जिथे शिकलो तिथेच ठळक दिसतं. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर तलफ आली नाही म्हणून माणूस निश्चिंत होऊन घरी येतो आणि पहिल्याच संध्याकाळी, जुन्या खुर्चीत बसल्याबरोबर, ती दत्त म्हणून उभी राहते. केंद्र वाईट नव्हतं, माणूसही खोटा नव्हता. घरची खुर्ची मात्र जुनंच शिकलेली होती. नवं शिक्षण घरात, त्याच रस्त्यावर, त्याच सात वाजता पुन्हा करावं लागतं.

म्हणून पहिले तीन महिने सगळ्यात निसरडे. हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये दारू, सिगारेट आणि हेरॉईन सोडणाऱ्यांचे आलेख शेजारी ठेवले, तर तिन्ही जवळपास सारखेच निघाले: सुमारे दोन-तृतीयांश लोक पहिल्या तीन महिन्यांत परत वळले होते. आकडा निराश करणारा आहे खरा. पण त्या आलेखात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं टोक. रेघ सुरुवातीला कोसळते आणि मग सपाट होत जाते. जॉर्ज व्हेलंट या मनोविकारतज्ज्ञांनी शेकडो पुरुषांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. सलग पाच वर्षं न पिता काढलेल्यांपैकी पुन्हा वळणारे त्यांना फार थोडे आढळले. म्हणजे आयुष्यभर दर दिवस पहिल्या दिवसाइतकाच जड राहत नाही.

तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार

आता हॉटेलातल्या माणसाकडे.

तो दर मंगळवारी एका स्वमदत गटाच्या मीटिंगला जायचा. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसात काम होतं म्हणून त्याने एक मीटिंग चुकवली. पुढच्या मंगळवारी काम नव्हतं, पण 'एक चुकली तरी काही बिघडलं नाही' हे कळलेलं होतं. त्याच सुमारास रात्री तीनला जाग यायला लागली. कुणाला सांगितलं नाही. आठ महिन्यांनंतर असली तक्रार काय करायची? घरी पैशांवरून शब्दाला शब्द लागला, त्याने राग गिळला. मग बाहेरगावच्या कामाची विचारणा झाली. दुसरा कुणी जाऊ शकत होता, पण 'जरा बदल होईल' म्हणून यानेच हात वर केला. हॉटेल निवडताना खाली बार असलेलं निवडलं, कारण ते कामाच्या जागेजवळ होतं. पोहोचल्यावर जेवला नाही, दमला होता. आणि रात्री साडेनऊला 'पाय मोकळे करायला' खाली उतरला.

यातला एकेक निर्णय घेऊन विचारा: यात चूक काय? काहीच नाही. प्रत्येकाला चोख कारण आहे. ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये घसरणीची जी मांडणी केली, तिचा हा गाभा आहे. घसरणीआधी वरवर बिनमहत्त्वाच्या दिसणाऱ्या निर्णयांची माळ असते. माणूस 'पिऊया' असं ठरवत नाही. तो फक्त एकेक पाऊल दारूच्या जवळ जाऊन उभा राहतो, इतक्या जवळ की शेवटी न पिणं हीच अवघड गोष्ट होऊन बसते. पाहुण्यांसाठी म्हणून घरात ठेवलेली बाटली, जुन्या मंडळींना 'नुसतं भेटायला' जाणं, कुठून तरी येताना उगीच लांबचा रस्ता धरणं, हे त्याच माळेतले मणी.

मार्लट यांनी परत वळलेल्यांना शेवटच्या क्षणी काय चाललं होतं ते बारकाईने विचारलं, तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश प्रसंग तीनच खणांत बसले: मन वाईट अवस्थेत असणं, कुणाशी तरी बिनसणं आणि इतरांचा आग्रह. पहिल्या दोहोंचा मिळून वाटा आग्रहापेक्षा कितीतरी मोठा होता. आपण मात्र सगळा दोष 'संगतीला' देऊन मोकळे होतो आणि घरात एकटा, दमलेला, राग गिळून बसलेला माणूस सुरक्षित आहे असं समजतो.

माळ लांब असते ही एका अर्थी चांगली बातमी आहे. साडेनऊला बारच्या दारात स्वतःला रोखणं महाकठीण. पण हॉटेल निवडताना दुसरं निवडणं? त्याला मनाचा कसलाही जोर लागत नाही. सोडून टिकलेल्या लोकांशी बोललं, तर त्यांच्याकडे पोलादी निग्रह वगैरे सहसा नसतो. ते मोहाच्या जागी कमी वेळा जातात आणि माळेचा दुसराच मणी दिसला की ओळखतात, इतकंच. गटांमध्ये यासाठी चार शब्दांची एक तपासणी प्रचलित आहे: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तलफ आली की आधी बघायचं, यातलं काय आहे. फार बाळबोध वाटतं खरं. पण साडेनऊ वाजता आपल्या माणसाकडे चारही होत्या आणि त्यातली पहिली एका ताटाने मिटणारी होती.

तलफ आली तर

तलफ चढतच जाईल आणि पिईपर्यंत थांबणार नाही, अशी आतून खात्री वाटते. ही खात्री खोटी असते. तलफ लाटेसारखी असते: उठते, शिखर गाठते, ओसरते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत. पिणाऱ्याला हे कधी कळलेलंच नसतं, कारण त्याने दर वेळी शिखराच्या आधीच ग्लास उचललेला असतो. मार्लट लोकांना तलफेवर 'स्वार' व्हायला शिकवत. तिच्याशी झगडायचं नाही, तिला दाबायचं नाही, ती शरीरात कुठे जाणवते ते पाहायचं. घशात? जबड्यात? तळहातांत? वाढतेय की उतरतेय? एकदा लाट आपोआप ओसरलेली अनुभवली, की पुढच्या वेळी तिचा धाक अर्धा होतो.

बसून पाहणं जमत नसेल तर जागा सोडावी. पोटभर खावं, अंघोळ करावी, बाहेर पडून चालावं आणि फोन करावा. फोन कुणाला करायचा हे आधी ठरलेलं हवं. लाटेच्या शिखरावर यादी करता येत नाही. 'मी पिणार नाही' या संकल्पापेक्षा 'सात वाजता तलफ आली तर मी अमुक करेन' अशी जोडणी कामाची, कारण त्या क्षणी विचार करायचा भार उरत नाही.

आणि आग्रह? माझं निरीक्षण शब्दांबद्दल आहे. "मी सोडलीय" म्हटलं की समोरच्याला खाद्य मिळतं: कधीपासून, का, एकाने काय होतंय. "गोळ्या चालू आहेत" म्हटलं की गोळ्या संपायची तारीख विचारली जाते आणि पुढच्या वेळी नवीन थाप शोधावी लागते. "मी घेत नाही." बस्स. कारण दिलं की वाद घालता येतो. कारणच नसेल तर समोरचा अडतो. तरीही कुणी तीनदा आग्रह करत असेल, तर उठून निघून जाण्यात असभ्य काही नाही.

पहिल्या ग्लासनंतर

हॉटेलच्या बारमध्ये त्याने एक पेग घेतला. मग खोलीत बाटली नेली. या दोहोंच्या मधली दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

एक पेग म्हणजे पाय घसरला. बाटली म्हणजे दरीत गेला. मध्ये काय घडलं? थोडं काम दारूचं होतंच. सवय लागलेल्या मेंदूत पहिला घोट दुसऱ्याची भूक वाढवतो. पण मोठं काम एका विचाराने केलं: "गेले आठ महिने. सगळं संपलं. मी असाच आहे, असाच राहणार. आता अर्धवट तरी कशाला?" नियम जितका कडक, तितकी तो मोडल्यावरची पडझड मोठी, असं मार्लट यांनी दाखवलं. शरमेने माणूस सुधारेल अशी आपली समजूत असते. इथे शरमच त्याला बाटलीपर्यंत नेते, कारण शरम विसरायचा त्याला माहीत असलेला सगळ्यात जलद उपाय तोच.

दिवस मोजण्याबद्दलही माझी थोडी कुरकुर आहे. 240 दिवस मोजणं उभारी देतं, खरं. पण 241 व्या दिवशी आकडा शून्यावर आणला, की मागचे 240 जणू जगलेच नव्हते असं होतं. त्या दिवसांत यकृताने केलेली दुरुस्ती, न झालेली भांडणं, शिकलेली युक्ती, यातलं काहीच शून्य होत नाही. मोजायचंच असेल तर दोन आकडे मोजावेत: सलग किती आणि वर्षभरात एकूण किती.

म्हणून पाय घसरला तर काय करायचं हे सोडण्याच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून, कागदावर लिहून ठेवावं. त्याने 'परवानगी' मिळते असं काहींना वाटतं. आगीचा बंब ठेवला म्हणून कुणी घर पेटवत नाही. कागदावर मोजकंच हवं: उरलेली ओतून टाक, जागा सोड, या नंबरवर आत्ता फोन कर, उद्या नाही. पिणं दोन-चार दिवस किंवा जास्त चाललं असेल तर पुन्हा डॉक्टर, कारण थरथर, फिट, भास यांचा धोका पुन्हा उभा राहतो.

घरच्यांसाठी एकच सूचना, पण फार उपयोगाची: प्यायलेल्या माणसाशी त्याच रात्री हिशेब करू नका. त्याला सकाळी त्यातलं अर्धं आठवणार नाही आणि तुम्हाला सगळं आठवेल. तो सुखरूप आहे ना, एवढं पाहा. झोपवायचं तर कुशीवर झोपवा, उलटी घशात अडकू नये म्हणून. हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर झोपू न देता दवाखाना. बोलणं दुसऱ्या दिवशी, आणि ते "का केलंस?" पेक्षा "हे कधीपासून सुरू झालं होतं?" असं.

औषधं आणि माणसं

तलफ कमी करणारी औषधं आहेत, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी गंमत बोथट करतं. अमेरिकेत 1994 मध्ये त्याला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. अफूवर्गीय वेदनाशामकं घेणाऱ्यांना ते चालत नाही. ॲकॅम्प्रोसेट त्या बिघडलेल्या ब्रेक-ॲक्सिलरेटरचा तोल सावरायला मदत करतं, पण मूत्रपिंड फारच खराब असेल तर देत नाहीत. दोन्ही जादूची नव्हेत, फायदा मध्यम आहे. तरी निसरड्या महिन्यांत मध्यम फायदाही कमी नसतो.

तिसरं, सगळ्यात जुनं, डायसल्फिराम. 1948 मध्ये डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि जेकबसेन यांनी त्याचा हा उपयोग मांडला. दारू पचताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन ते पुढे विघटित होऊ देत नाही. त्यामुळे वर दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. माणसाच्या संमतीने, कुणीतरी समोर उभं राहून रोज गोळी दिली, तर काहींना याचा चांगला उपयोग होतो. पण ते गुपचूप जेवणात मिसळणं? अजिबात नाही. त्याला ठाऊक नसताना तो भरपूर प्यायला, तर जीवावर बेतू शकतं. 'न कळता दारू सोडवा' अशी जाहिरात दिसली की तिच्यापासून लांब राहावं.

"पूर्ण सोडायची कशाला, कमी करू की," हा प्रश्नही रास्त आहे. ज्यांना अजून थरथर, उतारा वगैरे काही नाही, त्यांच्यातल्या काहींना कमी करणं जमतं. अवलंबित्व पक्कं झालेल्यांना मात्र 'एकावर थांबणं' हे 'एकही न घेणं' यापेक्षा कैक पटींनी कठीण जातं. दर संध्याकाळी स्वतःशी घासाघीस करावी लागते आणि घासाघीस करणारा मेंदू तोच, पहिल्या घोटाने हललेला.

राहता राहिली माणसं. मे 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी कामासाठी गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं, खिशात फारसे पैसे नाहीत, परक्या गावात एकटा. हॉटेलच्या लॉबीच्या एका टोकाला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला आणि एकामागून एक फोन करत राहिला. त्याला उपदेश नको होता, दुसरा पिणारा हवा होता, बोलायला. त्या फोनांमुळे त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. स्मिथने त्याच जूनमध्ये शेवटचं पेय घेतलं आणि त्या दिवसापासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाची सुरुवात मोजली जाते. 2020 मध्ये, वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दिसलं, की या गटाशी जोडून देणारे उपचार सलग न पिण्याच्या बाबतीत इतर मान्य मानसोपचारांइतके, काही मोजमापांत त्याहून सरस ठरतात. तिथली देवाची भाषा ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे वेगळ्या विचारांचे गटही आहेत. कुठलाही चालेल, मंगळवार ठरलेला हवा.

आपला माणूस सकाळी अकराला उठला. डोकं फुटत होतं. आधी त्याने बाटलीत उरलेली बेसिनमध्ये ओतली, मग घरी फोन केला, मग गटातल्या त्या गृहस्थांना, ज्यांचा नंबर तीन आठवडे फिरवला नव्हता. ते म्हणाले, वही घे आणि कालपासून उलट लिहीत मागे जा. बार, रिकामं पोट, हॉटेल, हात वर करणं, गिळलेला राग, रात्रीचे तीन. पान भरत आलं. सगळ्यात खाली, उरलेल्या ओळीत त्याने लिहिलं: मंगळवार, मीटिंग चुकवली.